पूजेची गोटी

“दुकानात कोनी नाई. पोरगीच हाय.”

बाहेर पायरीपाशी कोणीतरी हळू आवाजात कोणाला तरी सांगत होतं. मी रॅकच्या मागे खाली बसून रबरी रिंगांची फुटलेली पिशवी आवरत होते. हे वाक्य मला नवं नाही. गेली पाच वर्षं मी ते ऐकते आहे, कधी तेलुगूत, कधी हिंदीत, कधी आमच्या बोलीत. लोक आत येतात, माझ्या डोक्यावरून मागच्या दाराकडे बघतात आणि विचारतात, शेठ नाही का? मला राग येत नाही. खरं सांगायचं तर ते सोयीचंच असतं. जो दुकानात नाहीच, त्याला बोलावं लागत नाही.

पण तो आवाज ओळखीचा होता. मी उठून उभी राहिले तर दारात शेषरावकाका. मावला गावाच्या पुढे हायवेला त्यांचं टायरचं दुकान आहे. त्यांच्यामागे त्यांची बायको, कमलाकाकू. काकांचा डावा हात गमछ्यात गुंडाळलेला होता. उन्हाळ्याचे दिवस, दुपारची वेळ, मामा माल आणायला नागपूरला गेलेला. काकांनी उजव्या हाताने सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढला. चार घड्या घातलेला, एका कोपऱ्याला कुंकवाचा लाल डाग.

घडी उघडायच्या आतच मी तो कागद ओळखला.

तो कसला कागद होता हे सांगायचं तर आधी गोटी म्हणजे काय ते सांगावं लागेल. दिवाळी अंक वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी कधी गोटी हातात घेतली असेल.

आमचं दुकान हत्यारांचं. पाने, जॅक, हवेच्या नळ्या, ग्रीसच्या पिचकाऱ्या. दुकान मामाचं आहे, राज्याच्या सीमेपलीकडे, तेलुगू मुलखात. माझे आईवडील बेला गावाकडे असतात. मी शाळेपासून मामाकडे, कारण इंग्रजी शाळा इकडे होती. पदवी झाली आणि ‘नोकरी लागेपर्यंत बस दुकानात’ असं ठरलं. वर्गातल्या मुली हैदराबादला गेल्या. पहिल्या वर्षी ग्रुपवर रोज फोटो यायचे. आता वाढदिवसाला केकचं चित्र येतं. मी पण पाठवते.

गोटी म्हणजे पान्याचं तोंड. एक जाड, पोकळ लोखंडी तुकडा. एका बाजूला नट बसेल असा कोनांचा खड्डा, दुसऱ्या बाजूला चौकोनी भोक. त्या चौकोनात हातपान्याचा दांडा बसवा किंवा नट खोलणारी हवेची गन. इंग्रजी शाळेत शिकलेली मी तिला सॉकेट म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने ‘बत्तीसची गोटी’, म्हणजे बत्तीस मिलिमीटरच्या नटाची, मागितली आणि मी गोंधळून विचारलं, “सॉकेट का?” तेव्हा बाकावर चहा पीत बसलेले शेषरावकाका मोठ्याने हसले.

“सेठ, तुमची भाची तं इंग्लिश मॅडम निंगाली! आता आमाले गोटी मांगाले बी ट्युशन लावा लागते.”

सगळे हसले. मामाही हसला. काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या दिवसापासून ते मला इंग्लिश मॅडमच म्हणत आणि आले की माझ्यासमोर मुद्दाम वाकून म्हणत, “गुड मॉर्निंग मॅडम, एक सॉकेट भेटंल काय?” संध्याकाळी पाच वाजता सुद्धा गुड मॉर्निंगच. मीही हसायचे. पण त्या दिवसानंतर मी दुकानात आणखी कमी बोलू लागले हे खरं आहे. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे आणि दुकानात इंग्रजी शब्द निघाला की हसायचे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि तेलुगू, हिंदीच्या तासामुळे देवनागरी. चार भाषा येतात, आणि वेळेवर एकही तोंडातून निघत नाही.

न बोलणाऱ्या माणसाला वाचायला वेळ मिळतो. मी खोक्यांवरचं सगळं वाचायचे. आमच्याकडे माल येतो त्यावर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव असतं आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, कामाचं असतं. ते इंग्रजीत असतं आणि आमच्या दुकानात ते फक्त मीच वाचत होते. मामा तीस वर्षं धंद्यात आहे, पण तो माल हाताने ओळखतो, अक्षराने नाही.

तर त्या मुंगीएवढ्या अक्षरांतून मी गोट्यांची विद्या शिकले. गोटी दोन जातींची. एक चकचकीत, आरशासारखी. दुसरी काळी, तव्यासारखी, भिंती जाड. नवीन माणूस नेहमी चकचकीत उचलतो. ती हातपान्याची. हातपाना नट ढकलतो, सावकाश जोर वाढवतो. हवेची गन तसं करत नाही. ती फिरवते असं बाहेरून वाटतं, पण तिच्या पोटात हातोडा असतो आणि तो एका दमात शेकडो घाव घालतो. त्या घावांपुढे चकचकीत गोटीचा कडकपणा हाच तिचा दोष होतो. काचेची बांगडी वाकत नाही, फुटते. जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं आदळलं तर चेपतं, पण शाबूत राहतं. काळी गोटी त्या पातेल्याच्या वळणाची. ती थोडी मऊ पोलादाची आणि चिवट असते. झिजून तिचे कोपरे गोल होतात, नट निसटायला लागतो, मग माणूस वैतागून दुसरी घ्यायला येतो. म्हणजे जायच्या आधी ती सांगते. चकचकीत गोटी काल होती तशीच आज दिसते, उद्याही दिसते, आणि परवा फुटते.

गोटी निवडायला कोणी आलं तर मी आणखी काही बघते. आतून सहा कोनांची की बारा? गनसाठी सहाचीच घ्यावी, ती नटाला सपाट बाजूने धरते. बारा कोनांची नटाचे कोपरे खाते. चौकोन गनच्या टोकावर घट्ट बसतो का? सैल असेल तर घाव वाया जातात आणि दोन्ही झिजतात. बगलेला आरपार भोक आहे का?

या भोकावरून एक आठवण आहे. युसूफचाचा म्हणून जिनिंग मिलमधून निवृत्त झालेले फिटर आमच्याकडे येत. त्यांना काही घ्यायचं नसे. ते दोन गोट्या उचलून कानाजवळ एकमेकींवर हलकेच आपटत आणि डोळे मिटून आवाज ऐकत. चकचकीतचा आवाज घंटीसारखा लांबत जातो, काळीचा ठक् करून थांबतो. एक दिवस त्यांनी काळी गोटी माझ्यासमोर ठेवली.

“बेटी, इसमें ये छेद कायकू है?”

मला माहीत होतं. गनच्या टोकावर गोटी चढवली की त्या भोकातून पिन घालतात आणि वरून रबरी रिंग, म्हणजे चालत्या गनवरून गोटी उडत नाही. मला पिनेचा आकारही माहीत होता. मी मान खाली घालून पावतीच्या पुस्तकाचा कोपरा दुमडत राहिले. चाचांनी गोटी परत हातात घेतली.

“मालूम है तेरेकू,” ते म्हणाले. “बोलती नै.”

आणि गोटी जागेवर ठेवून निघून गेले.

सगळी गिऱ्हाइकं अशी परीक्षा घेणारी नसत. बोथ गावाकडचे एक शेतकरी ट्रॅक्टरच्या चाकाचा नट घेऊन आले होते. घेऊन म्हणजे, बोटात घालून. मोटरसायकलवर खिशातून पडेल म्हणून त्यांनी तो अंगठीसारखा बोटात चढवला, आणि इथे येईपर्यंत उन्हाने बोट सुजलं. नट निघेना. ते गंभीरपणे हात काउंटरवर ठेवून उभे राहिले.

“माप घे बाई. नटाचं घे, बोटाचं नोको घेऊ.”

मी एका हाताने त्यांचं मनगट धरून दुसऱ्या हाताने मापपट्टी लावली. सत्तावीस. मामा मागे तोंड दाबून हसत होता. मग त्यांच्या बोटाला ग्रीस लावून आम्ही नट काढला. त्यांनी जाताना नट रुमालात बांधला, रुमाल टोपीत ठेवला, टोपी डोक्यावर घातली आणि मला म्हणाले, “आता डोस्कं सुजलं तं येतो परत.” मी घरी जेवताना मामीला ही गोष्ट सांगायला सुरुवात केली, पण तिचा फोन आला. नंतर माझ्या लक्षात आलं की त्या वर्षात मी कोणाचा हात हातात धरला असेल तर तो एवढाच.

आता त्या दसऱ्याकडे येते.

आमच्या भागात खंडेनवमीला टायरवाले, गॅरेजवाले आपली हत्यारं पूजतात. आदल्या दिवशी घासलेटने सगळं धुतात. नव्या कपड्यावर जॅक, पट्ट्या, पाने, गन मांडतात, कॉम्प्रेसरला झेंडूचा हार घालतात. शेषरावकाकांच्या दुकानात आणखी एक रीत होती. ती त्यांच्या वडिलांपासूनची, तेव्हा ते बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवत. दर वर्षी एक तरी नवं हत्यार पूजेत पाहिजे आणि दसऱ्याच्या दिवशी पहिलं काम त्याच हत्याराने झालं पाहिजे. तसं न करणं म्हणजे देवीपुढे खोटं बोलणं.

त्या वर्षी त्यांनी नवी गन घेतली होती. पाऊण इंची चौकोनाची, ट्रकच्या चाकांसाठी. तिला जोड म्हणून गोटी घ्यायला ते आमच्याकडे आले. दुकान भरलेलं होतं. मामाने सरळ काळी गोटी काढून पुढे ठेवली. एवढं मामाच्या बाजूने सांगायलाच हवं.

काकांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली.

“सेठ, हे काय देऊन राह्यले? नवी हाय का कोन्या ट्रकखालून काढली?”

“गनची हाय. अशीच येते.”

“अशीच येते, पन देवीपुढं अशीच ठेवू काय? घरची म्हनंल, नव्या वस्तूच्या जागी भंगार आनलं. ते पाहा ना, ते. कशी लखलख करून राह्यली.” त्यांनी काचेच्या कपाटातल्या चकचकीत गोट्यांकडे बोट दाखवलं. “बत्तीसची काढा त्याच्यातली.”

“ते हाताची हाय, शेषराव.”

“बसते का नाई माह्या गनवर?”

“बसते तं.”

“मंग?”

मामाने खांदे उडवले. मागून दुसरा माणूस जॅकसाठी ओरडत होता. “घे बाप्पा,” मामा म्हणाला आणि खोकं माझ्याकडे सरकवलं. “बांधून दे सोनू.”

मी खोकं घेतलं. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ती मुंगीएवढी ओळ होती. फक्त हातपान्यासाठी, इम्पॅक्ट गनवर वापरल्यास इजा होऊ शकते. इंग्रजीत. मी ती कितीतरी वेळा वाचली होती. काका समोरच उभे होते, दीड हाताच्या अंतरावर. एक वाक्य बोलायचं होतं. ‘काका, ही गनवर फुटते.’ मी मनात ते वाक्य जुळवलं. मग वाटलं, फुटते म्हणू की तुटते? लोकांसमोर मामाचं बोलणं खोडल्यासारखं होईल का? काका म्हणतील, वा रे इंग्लिश मॅडम, आता आमाले गोटी शिकवता काय. आणि पाच माणसं हसतील.

“काऊन व मॅडम,” काका म्हणाले, “गोटीले नजर लावून राह्यल्या काय?”

दोन-तीन जण हसले. मी वळले, काउंटरमागे बसले, एका कागदावर पेनाने चार ओळी लिहिल्या. काका मराठी बोलतात म्हणून मराठीत लिहिल्या. कागदाची घडी करून तो खोक्यात, गोटीच्या खाली ठेवला. खोकं बांधलं. काकांच्या हातात दिलं. मला आठवतं, त्या वेळी मला हलकं वाटलं. थोडा अभिमानही वाटला. न बोलता काम झालं होतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी काका जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन आले. आमच्याकडे आपट्याच्या जागी हीच पानं देतात. त्यांनी मामाला दिली, मला दिली. “गोटी फर्स क्लास चालली,” ते म्हणाले. “पहिल्याच झटक्यात नट बाहेर.” मी त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे यांनी कागद वाचला आणि तरीही लावली, असं मला वाटलं. रीत पाळायला एकदा लावली असेल. आता काढून ठेवतील. मी पानं हातात धरून उभी राहिले आणि काहीच विचारलं नाही.

पुढे कापसाचा हंगाम आला. त्या दिवसांत इकडे ट्रकला ट्रक लागलेला असतो. भरलेल्या गाड्यांची टायरं फुटतात आणि हायवेच्या दुकानांना जेवायला सवड मिळत नाही. संक्रांतीच्या आसपास एक दिवस काकांचा धाकटा भाऊ गजानन दुकानात आला.

“बत्तीसची गोटी द्या. काळीच पायजे.”

मामाने विचारलं, “काऊन, ते कुठं गेली?”

“फुटली. भाऊनं डाव्या हातानं धरली होती, नटावर सरळ बसली पायजे म्हनून. गन चालू केली अन् फाटकन आवाज झाला. आमाले वाटलं टायर फुटलं.” तो सांगत असताना स्वतःचा डावा हात उजव्या हाताने दाबत होता. “तुकडा आंगठ्याच्या बाजूनं आत घुसला. इथून नागपूरले नेलं. शिवलं. पन दोन बोटं मुडपत नाई म्हन्ते डॉक्टर.”

 मी काळी गोटी काढली. चौकोन तपासला, भोक तपासलं, पिन आणि रिंग न मागता सोबत घातली. माझे हात सवयीने सगळं बरोबर करत होते.

गजानन गेल्यावर मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, “आपन काय त्याले गनवर लाव म्हनलं होतं? आपन काळीच दाखवली होती.” मग त्याने कपाटातला चकचकीत गोट्यांचा ट्रे काढला आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवला. त्या दिवशी आलेला चहा त्याने तसाच थंड होऊ दिला.

मी काकांना बघायला गेले नाही. मामा जाऊन आला. मला ‘येते का’ म्हणाला आणि मी डोकं दुखतंय म्हटलं.

मी स्वतःला काय सांगत होते, ते इथे लिहिते, कारण तेच या लेखाचं कारण आहे. मी सांगत होते की माझं काम मी केलं. मामाला ते वाचता येत नव्हतं, मला येत होतं, आणि मी ते लिहून दिलं होतं. साध्या मराठीत, ठळक अक्षरात. त्यांनी वाचलं आणि ऐकलं नाही. रीत, देवी, हौस. माणसं ऐकत नाहीत, त्याला मी काय करू? संक्रांतीपासून उन्हाळ्यापर्यंत मी या विचाराला धरून दिवस काढले. तो चांगला मजबूत विचार होता. रोज त्यावर भार टाकायचे आणि तो जागचा हलायचा नाही.

आता आमच्या दुकानात गोट्यांच्या कपाटावर एक पाटी आहे. तीच सूचना तीन लिप्यांत, तेलुगू सर्वांत वर. वाचता न येणाऱ्यासाठी खाली चित्र काढलं आहे, गन आणि फुटलेली गोटी. नवीन गिऱ्हाईक विचारतं, एवढ्याशा गोटीसाठी एवढी पाटी? तिचं कारण ती उन्हाळ्यातली दुपार.

काका आत येऊन बाकावर बसले. कमलाकाकू दारातच चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. काकांनी मला गुड मॉर्निंग म्हटलं नाही.

“सेठ नाई ते बरंच झालं,” ते म्हणाले. “त्याईच्यासमोर इचारायची लाज वाटते. तुमी कोनाले सांगत नाई, मले मालूम हाय. तुमी काईच सांगत नाई कोनाले.”

ते हसायचा प्रयत्न करत होते. गमछा सरकला आणि मला हात दिसला. अंगठ्याच्या बुडापासून मनगटाकडे गेलेली गुलाबी रेघ. पहिली दोन बोटं ताठ, जणू ती दुसऱ्या कोणाची होती. टायरच्या कामात डावा हात धरतो आणि उजवा चालवतो. धरणारा हात गेला की गनचं वजन पेलत नाही. काका आता दुकानासमोर खुर्चीवर बसतात आणि गजाननला सांगतात, हे मला माहीत होतं.

“हे पाहा.” त्यांनी कागद काउंटरवर ठेवला आणि उजव्या हाताच्या तळव्याने सपाट केला. “गोटीच्या डब्यात होतं हे. पूजेच्या दिवशी भेटलं. म्या म्हनलं, कंपनीनं काई लिवून देल्लं असंल, असंल गॅरंटीचं. तं गोटीसोबत हेबी पूजेत ठेवलं. मंग देवीच्या फोटोमागं ठेवून देल्लं. परवा हिनं फोटो पुसाले काढला तं हातात आलं.”

“म्या म्हनलं जाऊन इचारा तरी,” कमलाकाकू दारातून म्हणाल्या. “गॅरंटी असंल तं गोटी तरी बदलून भेटंल. हात तं बदलून भेटत नाई.”

“तू गप व.” काका माझ्याकडे वळले. “पाहा बरं मॅडम, काय लिवलं हाय? मुदत सरली नाई ना?”

मला वाटलं ते थट्टा करत आहेत. मी त्यांच्याकडे बघितलं. नेहमीचं हसू कुठे दिसतंय का ते शोधलं.

“तुम्ही… वाचलं नाही?”

“मले कुठं येते वाचता?” ते म्हणाले. “आमच्या गावात शाळा तेलुगूची. तेबी चौथीपर्यंतच गेलो. तेलुगू असतं तं अक्षरं जोडून जोडून वाचलं असतं. हे तं मराठी दिसते. का हिंदी हाय?”

मी याच भागात वाढले. माझ्या शेजारीपाजारी अशी कितीतरी माणसं आहेत जी जन्मभर मराठीत भांडतात, मराठीत अंगाई म्हणतात, आणि सही तेलुगूत करतात. माझे स्वतःचे एक आजोबा तसे होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कागद लिहिताना मी त्यांचा विचारच केला नव्हता. मी माझ्या न बोलण्याची सोय करत होते.

कागदावर माझं अक्षर होतं. शाळेत वळणदार म्हणून बक्षीस मिळालेलं. एका ओळीवर कुंकू सांडलेलं होतं, दुसरीवर हळदीचं बोट उमटलं होतं. गोटी फुटेपर्यंत तीन महिने देवीच्या फोटोमागे, गोटीपासून दहा-बारा पावलांवर, हा कागद होता. रोज सकाळी त्याच्यासमोर उदबत्ती लागत होती आणि मग गन चालू होत होती.

मला सुचलं नाही असं नाही. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. ‘हो काका, गॅरंटीचा आहे, मुदत संपली.’ ही सहा शब्दांची गोष्ट होती आणि तिच्यात फुटते म्हणू की तुटते हाही प्रश्न नव्हता. कोणालाच कधी कळलं नसतं. मामालाही या कागदाबद्दल माहीत नव्हतं. काका मान हलवून उठले असते, कदाचित जाताना गुड मॉर्निंगही म्हणाले असते. मी कपाटातून एक काळी गोटी काढून तशीच दिली असती तर कमलाकाकूंनी मला आशीर्वाद दिला असता. दुकानात कोणी नव्हतं.

“काय व माय,” कमलाकाकू म्हणाल्या, “अक्षर लागत नाई काय?”

 मी कागद उचलला आणि परत खाली ठेवला, काकांच्या बाजूने, त्यांना दिसेल असा. मग काउंटरच्या बाहेर येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. पाच वर्षांत मी गिऱ्हाइकाच्या बाजूला कधी उभी राहिले नव्हते. तिथून काचेचं कपाट दिसतं आणि त्यामागची माझी खुर्ची दिसते, रिकामी.

मी प्रत्येक शब्दावर बोट ठेवत गेले. आवाज माझा वाटत नव्हता, पण ऐकू येईल एवढा होता.

“हा कंपनीचा कागद नाही, काका. मी लिहिला आहे. तुम्ही समोर उभे होता आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, म्हणून लिहिला. आता वाचते. ‘शेषरावकाका, ही गोटी गनला लावू नका. ही हातपान्याची आहे. गनच्या माराने फुटेल आणि हाताला लागेल. पूजा झाली की आणून द्या, मी काळी बदलून देईन.’”